प्रायमर मिळेना, पावडर परवडेना: टंचाईत रीलोडिंग करण्याचा योग्य क्रम

अमेरिकेत राहून घरी काडतुसं भरणाऱ्या, म्हणजे झाडलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) नवा प्रायमर (ठिणगी देणारी बुडाची टोपी), पावडर (दारू) आणि बुलेट (पुढे उडणारी गोळी) बसवणाऱ्या मराठी मंडळींकडून गेल्या काही वर्षांत मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो: "दुकानात ही पावडर मिळाली, घेऊन आलो. आता माझ्या .३०८ रायफलच्या काडतुसात किती घालू?" उत्तर देण्याआधी दर वेळी पोटात गोळा येतो, कारण इथे कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. आधी पुस्तक, मग यादी, मग खरेदी असं हवं. टंचाईच्या दिवसांत लोक आधी हाती लागेल ते घेतात आणि मग त्यासाठी कृती शोधत बसतात. अशाने पैसे तर जातातच, कधी बंदुकीची नळी फुटते, तर कधी बोटं जातात.

या लेखात किती ग्रेन (वजनाचं बारीक एकक) पावडर घालायची याचा एकही आकडा नाही. तो फक्त पावडर किंवा बुलेट बनवणाऱ्या कंपनीच्या छापील पुस्तकातून किंवा तिच्या अधिकृत तक्त्यातून घ्यायचा. इथे आहे ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम.

## ० : आधी कायदा, कारण आपल्यातले बरेच जण व्हिसावर आहेत

अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात 'ॲम्युनिशन' म्हणजे फक्त भरलेलं काडतूस नव्हे. पुंगळी, प्रायमर, बुलेट आणि पावडर यांतली प्रत्येक सुटी वस्तूही त्या व्याख्येत बसते. एच-१बी, एच-४, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि ॲम्युनिशन बाळगायला सर्वसाधारणपणे मनाई आहे. वैध शिकारीचा परवाना असणं यासारखे मोजके अपवाद आहेत. म्हणजे "मी बंदूक कुठे घेतलीय, मित्रासाठी दोन हजार प्रायमर घरी ठेवलेत फक्त" हे म्हणणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असणं म्हणजे ग्रीन कार्ड हातात असणं नव्हे. शंका असेल तर वकिलाला विचारा, रेंजवरच्या (नेमबाजीच्या मैदानावरच्या) मित्राला नको.

स्वतःच्या वापरासाठी भरायला संघराज्याचा वेगळा परवाना लागत नाही, विकण्यासाठी भरायला लागतो. राज्यांचे आणि शहरांचे नियम याहून कडक असू शकतात. आणि हे कुणी भारतातून वाचत असेल तर लक्षात घ्या, १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली तिथे काडतूस बनवायला परवाना लागतो. पुण्या-मुंबईत घरी बसून करण्याचं हे काम नाही.

## १ : कपाट रिकामं करा आणि मोजा

बाजाराला नावं ठेवण्याआधी घरात काय आहे ते पाहा. सगळं टेबलावर काढा आणि वहीत चार रकाने करा: पुंगळ्या, प्रायमर, पावडर, बुलेट. प्रत्येकापुढे कंपनी, नेमका प्रकार, लॉट नंबर (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) आणि संख्या किंवा वजन लिहा. प्रायमरमध्ये नुसतं 'स्मॉल' लिहू नका. 'स्मॉल पिस्तूल', 'स्मॉल रायफल', 'स्मॉल रायफल मॅग्नम' असं पूर्ण लिहा.

मग प्रत्येक कॅलिबरसाठी (काडतुसाच्या प्रत्येक मापासाठी) चारही गोष्टी जुळवून बघा. बहुतेकांना इथे धक्का बसतो. बुलेट तीन हजार आणि प्रायमर चारशे, किंवा सात पौंड पावडर आणि ती ज्या कॅलिबरला चालते त्याच्या पुंगळ्या साठ. चारांतली जी गोष्ट सर्वांत कमी, तितकीच काडतुसं तुमच्याकडे आहेत. बाकीचा माल म्हणजे अडकलेला पैसा.

तपासा: लेबल नसलेला, लेबल पुसट झालेला किंवा आत नेमकं काय आहे याची शंका असलेला पावडरचा डबा सापडला, तर तो साठ्यात धरू नका. रंगावरून आणि दाण्यांच्या आकारावरून पावडर ओळखता येत नाही, अनुभवी माणसालाही नाही. आंबूस, तिखट वास येत असेल किंवा तांबूस धूळ दिसत असेल तर ती पावडर कुजायला लागली आहे. कंपनीच्या सूचनेप्रमाणे तिची विल्हेवाट लावा. टंचाई असली तरी.

## २ : एका काडतुसाचा खरा खर्च काढा

एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. सगळं गणित यावर चालतं. खालचे आकडे फक्त हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत, ही भरण्याची मात्रा नाही. किमतींच्या जागी तुमच्या पावतीवरचे आकडे घाला.

पिस्तुलाच्या एका काडतुसाला ५ ग्रेन पावडर लागते असं धरा. पौंडात १,४०० काडतुसं होतात. पौंड ४२ डॉलरला असेल तर पावडरचे ३ सेंट, हजार प्रायमर ७० डॉलरला म्हणजे ७ सेंट, बुलेट १० सेंट, पुंगळी रेंजवरून उचललेली. एकूण २० सेंट. त्याच दिवशी ९ एमएमचं तयार काडतूस २४ सेंटला मिळत असेल, तर हजार गोळ्यांमागे तुम्ही ४० डॉलर वाचवता आणि त्यासाठी कित्येक तास प्रेसपाशी (काडतूस भरण्याच्या यंत्रापाशी) बसता.

आता रायफल. ४३ ग्रेन धरले तर पौंडात सुमारे १६२ काडतुसं होतात. ५० डॉलरच्या पौंडाचे ३१ सेंट, प्रायमर ८, अचूक नेमासाठीची बुलेट ४५, आणि एक डॉलरची पुंगळी आठ वेळा वापरली तर १२ सेंट. एकूण ९६. त्याच दर्जाचं तयार काडतूस दीड ते दोन डॉलरला असेल तर बचत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाते, शिवाय नेम तुमच्या रायफलला साजेसा.

माझं मत स्पष्ट आहे. प्रायमर महाग असताना ते साध्या ९ एमएमवर घालवू नयेत. स्वस्त पडलं की ९ एमएम तयार घ्यावं, पुंगळ्या जपून ठेवाव्यात, आणि आपला वेळ व माल रायफलवर किंवा .४४ मॅग्नमसारख्या महाग काडतुसांवर लावावा. हे अनेकांना पटत नाही. ज्यांना पटत नाही त्यांनी आपला हिशेब मांडून बघावा.

## ३ : वर्षाची गरज प्रायमरपासून मोजा

पुंगळी पुन्हा वापरता येते. बुलेटला पर्याय असतात. पावडरलाही थोडेफार असतात. प्रायमरला काहीच नाही आणि तो घरी बनवायचा विचारसुद्धा करायचा नाही. अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत. फेडरल, सीसीआय आणि रेमिंग्टन ही तिन्ही नावं एकाच समूहाची, आणि २०२४ पासून तो समूह चेकोस्लोव्हाक ग्रुपच्या मालकीचा आहे. विंचेस्टर वेगळी. या कंपन्यांना आधी आपल्या तयार काडतुसांसाठी प्रायमर लागतात, सुटे विकायला उरतील ते आपल्या वाट्याला येतात. म्हणून मागणी वाढली की सुटे प्रायमर सर्वांत आधी गायब होतात. २०१३ मध्ये हेच झालं आणि २०२० मध्येही.

पावडरचं दुखणं निराळं. तिचा पाया नायट्रोसेल्युलोज आहे आणि तोफांच्या दारूलाही तेच लागतं. युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्याची मागणी जगभर वाढली. वार्गेट आणि एच-४३५० या लाडक्या पावडरी तर ऑस्ट्रेलियात मुलवाला इथल्या कारखान्यातून येतात. एका जहाजाला उशीर झाला की ओहायोतल्या दुकानाचं फडताळ रिकामं.

आता वहीत लिहा: महिन्यात खऱ्याखुऱ्या किती गोळ्या झाडता? हौसेने सांगतो तो आकडा नको, गेल्या वर्षीच्या पावत्यांवरून काढा. त्याला बाराने गुणा. तेवढे प्रायमर म्हणजे एका वर्षाचा साठा. दीड वर्षाचा असेल तर टंचाई शांतपणे पार पडते. त्याहून जास्त जमवण्याची मला गरज वाटत नाही, आणि घरातल्या साठ्यावर मर्यादाही आहे, ती पुढे सांगतो.

## ४ : पर्याय दुकानात नाही, घरी टेबलावर ठरवा

सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे, म्हणून इथे वेळ द्या.

प्रत्येक कॅलिबरसाठी एक कागद करा. वर तुमची नेहमीची बुलेट. खाली, छापील पुस्तकात त्या वजनाच्या आणि त्या प्रकारच्या बुलेटसाठी ज्या-ज्या पावडरी दिल्या आहेत त्या सगळ्या. त्यांतल्या तीन-चारांवर खूण करा. हा कागद पाकिटात ठेवा. दुकानात गेल्यावर यादीतली पावडर असेल तर घ्यायची, नसेल तर हात हलवत परत यायचं.

२०२१ मध्ये मी हे केलं नाही. रांगेत तासभर उभा होतो, आत गेल्यावर एकाच जातीची पावडर उरली होती, आणि रिकाम्या हाताने परतायचं जिवावर आलं म्हणून दोन पौंड घेतले. घरी येऊन पुस्तक उघडलं. माझ्या तिन्ही कॅलिबरपैकी एकालाही ती दिलेली नव्हती. ते डबे अजून सीलबंद आहेत.

पावडरच्या नावांचे सापळे ओळखा. एच-४३५० आणि आयएमआर-४३५० या वेगळ्या पावडरी आहेत, आकडा सारखा आहे म्हणून एकीची मात्रा दुसरीला चालत नाही. ४८३१ चंही तसंच. उलट एचपी-३८ आणि विंचेस्टर २३१ ही एकच पावडर दोन नावांनी विकली जाते, एच-११० आणि विंचेस्टर २९६ ही जोडीही तशीच. एक नाव मिळालं नाही तर दुसरं बघता येतं. मात्र एच-११० 'वाचवण्यासाठी' पुस्तकातल्या किमान मात्रेखाली कधीच जाऊ नका. ती पावडर कमी भरल्यावर नीट पेटत नाही आणि बुलेट नळीत अडकते.

ज्वलनवेगाचा तक्ता बघून "ही हिच्या शेजारी आहे, म्हणजे चालेल" असं ठरवणं बंद करा. तो तक्ता फक्त क्रम सांगतो, दोन शेजाऱ्यांतलं अंतर सांगत नाही.

प्रायमरमध्ये स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल आकाराने सारखे असतात, पण रायफल प्रायमरची वाटी जाड असते. पिस्तुलाचा प्रायमर रायफलमध्ये घातला तर वाटी फुटून गरम वायू मागे येऊ शकतो. लार्ज रायफल प्रायमर लार्ज पिस्तूलपेक्षा उंच असतो, तो पिस्तुलाच्या पुंगळीत बाहेर डोकावतो. साध्याऐवजी मॅग्नम (जास्त जोरदार ठिणगीचा) प्रायमर मिळाला तर जुनी मात्रा तशीच ठेवायची नाही, सुरुवातीच्या मात्रेपासून पुन्हा चढत यायचं.

.४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस भरणाऱ्यांनी पुंगळ्या दोन डब्यांत वेगळ्या कराव्यात, कारण काहींना लार्ज आणि काहींना स्मॉल प्रायमर बसतो. टंचाईत याचा फायदाच होतो, जो मिळेल त्या प्रायमरचा डबा उघडता येतो. फक्त निवडायला आळस करू नका, नाहीतर प्रेस मध्येच अडते आणि प्रायमर चिरडला जातो.

थांबा: 'मला कुणीतरी सांगितलं' या आधारावरची एकही मात्रा या कागदावर नको. पुस्तकाचं नाव आणि पान लिहिता आलं पाहिजे.

## ५ : खरेदी

पावडर आणि प्रायमर कुरिअरने मागवले की प्रत्येक पाठवणीवर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं. ते ३० डॉलर असेल तर एका पौंडाची किंमत ३० डॉलरने वाढते. तेच शुल्क सहा पौंड पावडर आणि दोन हजार प्रायमरवर विभागलं तर जाणवतही नाही. म्हणून एकतर वर्षातून एक-दोनदाच एकत्र मागवा किंवा जवळच्या दुकानातून घ्या. दुकानात पौंडामागे पाच-सहा डॉलर जास्त दिले तरी बऱ्याचदा स्वस्तच पडतं. ओळख झाली की माल कधी येतो हेही कळतं.

भाव उतरलेले असताना थोडं-थोडं घ्या. टंचाईच्या शिखरावर तिप्पट भावाने प्रायमर घेणाऱ्यांकडे ते भाव उतरल्यावरही तसेच पडून होते. मी माझ्यापुरता एक नियम केला आहे: क्रमांक २ च्या हिशेबात त्या भावाने भरलेलं काडतूस तयार काडतुसापेक्षा महाग पडत असेल तर घ्यायचं नाही.

सावध राहा: टंचाई आली की खोट्या वेबसाइटचं पीक येतं. सगळीकडे संपलेला माल एकाच ठिकाणी निम्म्या भावात भरपूर, आणि पैसे फक्त 'झेल' (Zelle, पैसे पाठवण्याची सेवा), क्रिप्टो किंवा गिफ्ट कार्डाने. हे दिसलं की खिडकी बंद करा.

अनोळखी माणसाकडून सील फोडलेला पावडरचा डबा घेऊ नका, फुकट दिला तरी. डब्यावर लिहिलेलंच आत आहे याला पुरावा नसतो. आणि भागीदारीत घ्यायचं असेल तर भागीदाराला क्रमांक ० लागू होतो का ते आधी पाहा.

## ६ : पुंगळ्या जपा

चार वस्तूंपैकी हीच तुमच्या हातात आहे. रेंजवर ताडपत्री अंथरा. रायफलच्या पुंगळ्या पन्नासच्या डब्यांत ठेवा आणि प्रत्येक डब्यावर किती वेळा झाडल्या ते लिहा. वेगवेगळ्या वेळा वापरलेल्या एकत्र झाल्या की हिशेब संपला.

रायफलची पुंगळी लवकर मरते ती बहुधा आपणच तिला गरजेपेक्षा मागे दाबतो म्हणून. साइझिंग डाय (पुंगळी पुन्हा मापात दाबणारा साचा) पार खाली आणून बसवली की दर वेळी पुंगळी ताणली जाते आणि बुडाच्या वर पितळ पातळ होतं. गेज (मापक) घेऊन पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) ०.००२ इंचाएवढाच मागे जाईल अशी डाय लावा. ज्या पुंगळ्या पूर्वी चार-पाच वेळांत जायच्या त्या आठ-दहा वेळा टिकतात. टंचाईत याहून मोठी बचत दुसरी नाही.

दर फेरीत हे बघा:

- बुडाजवळ चकचकीत गोल रेघ दिसते का? कागद लावायच्या क्लिपेचं टोक वाकवून आतून फिरवा. खाच लागली तर पुंगळी भंगारात.
- मानेला चीर आहे का?
- प्रायमर बसवताना जोरच लागला नाही? प्रायमर बसतो ती खोबण सैल झालीय, भंगारात.
- लांबी पुस्तकातल्या कमाल मापापेक्षा वाढली का? वाढली असेल तर कापा.

मान मऊ करण्यासाठी तापवणार असाल तर फक्त मान आणि खांदा तापवा. बुडापर्यंत उष्णता गेली तर पुंगळी वापरायची नाही, कारण सगळा दाब तिथेच झेलला जातो. स्टील आणि ॲल्युमिनियमच्या पुंगळ्या, तसंच आत दोन छिद्रं असलेल्या, सरळ बाजूला काढा. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती दाबलेली कड असते, ती काढल्याशिवाय नवा प्रायमर बसत नाही.

## ७ : साठवण

अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संहितेत घरी २० पौंडांपर्यंत धूररहित पावडर मूळ डब्यांत ठेवायला मुभा आहे. २० ते ५० पौंड असेल तर किमान एक इंच जाड लाकडी पेटी किंवा कपाट लागतं. प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. तुमच्या शहराचा आणि घरमालकाचा नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा. अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्या.

प्रायमर त्यांच्या मूळ खोक्यातच. काचेच्या बरणीत किंवा डब्यात सुटे ओतून ठेवलेले प्रायमर एकदम उडू शकतात. मूळ ट्रेमध्ये ते एकमेकांपासून लांब असतात ते याचसाठी. पावडर घट्ट बंद लोखंडी पेटीत ठेवू नका. आग लागली तर मूळ डबा फुटून दाब सुटतो, लोखंडी पेटीत तो कोंडतो. टेक्सास किंवा ॲरिझोनातल्या गराजमध्ये उन्हाळ्यात पावडर ठेवणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. घरातली थंड, कोरडी, कुलपाची जागा बघा, मुलांच्या हाताला न लागणारी.

## ८ : नवा पर्याय प्रेसवर आणताना

टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा. काम संपलं की उरलेली पावडर हॉपरमधून (प्रेसवरच्या पावडरच्या नळकांड्यातून) त्याच डब्यात परत. रात्री तशीच ठेवली की सकाळी "कुठली होती?" सुरू होतं.

काटा वजनाच्या मापाने तपासा. पुस्तकातल्या सुरुवातीच्या मात्रेपासून पाच-पाच काडतुसं भरा, थोडं-थोडं वर जा, आणि दर पायरीला पुंगळ्या बघा. सपाट झालेले प्रायमर, जड उघडणारा बोल्ट (रायफलची कडी), बुडावर उमटलेले चकचकीत ठसे दिसले की थांबा आणि खाली या. त्याच पावडरचा नवा लॉट आला तरी थोडं खाली येऊन पुन्हा चढायचं. लेपित शिशाच्या बुलेटला जॅकेटवाल्या (धातूचं आवरण असलेल्या) बुलेटची मात्रा लावू नका, त्यांचे तक्ते वेगळे असतात.

टंचाईत लोक कमी मात्रेच्या, झटपट जळणाऱ्या पावडरीकडे वळतात कारण पौंडात जास्त काडतुसं होतात. बरोबर आहे, पण .३८ स्पेशलसारख्या ऐसपैस पुंगळीत अशी मात्रा चुकून दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. म्हणून पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करा, सगळ्यांत पावडर भरा, आणि बुलेट बसवण्याआधी बॅटरीच्या उजेडात पन्नासही आतून बघा. एकीतही पातळी वेगळी दिसली तर ती ओता आणि पुन्हा मोजा.

रेंजवर: आवाज दबका आला किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी लागला तर पुढची गोळी झाडू नका. बंदूक रिकामी करा, नळीतून सळई घालून ती मोकळी असल्याची खात्री करा.

## ९ : गोळ्या कमी, सराव तेवढाच

शंभर गोळ्या धडाधड उडवून येणाऱ्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं ड्राय फायर (रिकाम्या बंदुकीचा चाप ओढण्याचा सराव) करून आठवड्याला वीस गोळ्या मन लावून झाडणाऱ्याचा नेम लवकर सुधारतो, हे मी माझ्या रेंजवर पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. भरलेली काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, चेंबर (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्याने आणि बोटाने तपासा, स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) वापरा. .२२ रिमफायर रिकामी चालवू नका, बहुतेक बंदुकांत पिन चेंबरच्या कडेवर आपटते. पुण्या-कोल्हापुरात १० मीटर एअर रायफलवर शिकलेल्यांनी तीच सवय इथे तळघरात परत सुरू करावी. छर्ऱ्यांचा डबा स्वस्त असतो.

## १० : भारतात जाण्याआधी बॅग

रेंजची बॅग प्रवासाला वापरू नका. दरवर्षी कुणा ना कुणाला भारतातल्या विमानतळावर बॅगेच्या अस्तरात अडकलेल्या एका काडतुसापायी पोलिसांसमोर बसावं लागतं. त्यातल्या बहुतेकांना ते तिथे असल्याचा पत्ताही नसतो. रिकामी पुंगळीसुद्धा चौकशीला पुरते. पुंगळ्या गोळा करणाऱ्यांच्या जाकिटांत, पँटच्या घड्यांत, गाडीच्या सीटखाली त्या सापडतातच. निघण्याच्या आदल्या रात्री बॅग उलटी करून झटका, प्रत्येक कप्प्यात हात घाला, आणि मुलांच्या दप्तरातही बघा. चकाकतात म्हणून ती उचलतात.